गृहव्यवहार : उसने, भाड्याचे आणि सामायिक

शेजारून आणलेले भांडे रिकामे परत करू नये, हा नियम आपल्या घरांतून कोणी कोणास मुद्दाम शिकविल्याचे स्मरत नाही. तरी तो सर्वांस ठाऊक असतो. विरजणाची वाटी परत जाताना तिच्यात दोन लाडू, निदान चिमूटभर साखर तरी जाते. पुरणयंत्र, सोऱ्या, मोठे पातेले, शिडी, पाहुण्यांसाठी जादा गाद्या या वस्तू एका घराने घ्यावयाच्या आणि आळीतल्या दहा घरांनी वापरावयाच्या, हा आपल्याकडील जुना रिवाज. त्यास कोणी अर्थशास्त्र म्हटले नाही. उसनवारी म्हटले, आणि तेही थोडे खालच्या आवाजात. कारण उसने आणण्यात सोय असली तरी भीड असते, आणि ती भीड पैशाने फिटत नाही.

गेल्या पंधरा-अठरा वर्षांत याच प्रकारास एक भारदस्त इंग्रजी नाव मिळाले आहे : 'शेअरिंग इकॉनॉमी'. आपण तूर्त त्यास सामायिक अर्थव्यवहार म्हणू. त्याची मांडणी ऐकावयास गोड आहे. कोणाची खोली रिकामी असते, कोणाच्या मोटारीत दोन जागा मोकळ्या असतात, कोणाचे अवजार वर्षातून एकदाच खाली काढले जाते. मोबाइलच्या योगाने ज्याच्याजवळ आहे त्याची व ज्यास हवे आहे त्याची गाठ घालून दिली, म्हणजे वस्तू थोड्या लागतील, पैसा वाचेल आणि अनोळखी माणसे एकमेकांच्या परिचयाची होतील. २०१० साली रेचेल बॉट्समन व रू रॉजर्स यांचे या विषयावरील पुस्तक निघाले, त्यातील प्रतिपादन साधारण याच आशयाचे होते.

आरंभ तर खरोखरच घरगुती म्हणावा असा आहे. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को शहरी ब्रायन चेस्की व जो गेबिया या दोन तरुणांस घरभाडे भागविण्याची विवंचना होती. शहरात परिषद भरली होती आणि हॉटेले भरून गेली होती. त्यांनी आपल्या राहत्या जागेत हवा भरावयाच्या तीन गाद्या टाकल्या, तिघा पाहुण्यांस उतरवून घेतले आणि पैसे घेतले. त्यातून पुढे 'एअरबीएनबी' झाली. त्याच शहरात २००९ साली 'ऊबर'ची स्थापना झाली. आपल्याकडे 'ओला' २०१० साली निघाली आणि २०१३ साली ऊबरही हिंदुस्थानात आली. आज या नावांमागे मोठाल्या कंपन्या उभ्या आहेत, आणि वाटून घेण्याच्या या भाषेतून ग्राहकाच्या वागणुकीत नेमके काय उतरले, हे आता पाहता येण्याजोगे आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. यातील बहुतेक व्यवहार निव्वळ भाड्याचा आहे, आणि लोकांस तो आवडला तो भाड्याचा आहे म्हणूनच.

याची उत्तम साक्ष भिंतीस भोक पाडण्याच्या यंत्राने दिली आहे. या चळवळीच्या पहिल्या वर्षांत हे यंत्र प्रत्येक व्याख्यात्याच्या तोंडी असे. घराघरांतून ते पडून असते, साऱ्या आयुष्यात काही मिनिटेच चालते, मग प्रत्येकाने ते विकत का घ्यावे? युक्तिवाद बिनतोड होता. अमेरिकेत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अवजारांची देवघेव लावून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि थोड्याच वर्षांत त्यांतील कित्येक बंदही पडल्या. यंत्र स्वस्त, घरबसल्या मागविले तर दुसऱ्या दिवशी दारात. उलट, ते अनोळखी माणसाकडून आणावयाचे म्हणजे वेळ ठरवा, जा, दोन शब्द बोला, पुन्हा नेऊन द्या. ज्या व्यवहारात भीडही राहते आणि श्रमही राहतात, तो पैसे मोजून कोण करील? वाटून घेण्याचे तत्त्व सर्वांस पटले होते. शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजविणे मात्र कोणास नको होते.

टिकले ते काय, हे पाहिले म्हणजे मर्म ध्यानी येते. फ्लुरा बार्धी व जियाना एकहार्ट या दोन विदुषींनी अमेरिकेतील 'झिपकार' या कंपनीच्या ग्राहकांचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. २००० साली निघालेल्या या कंपनीच्या मोटारी सभासदांनी तासाच्या हिशेबाने घ्यावयाच्या आणि परत आणून लावावयाच्या, अशी व्यवस्था. कंपनीस वाटे की सभासदांत बिरादरी वाढेल. अभ्यासात निघाले ते अगदी निराळे. मोटार आपली आहे असे कोणास वाटत नव्हते, दुसऱ्या सभासदांशी ओळख व्हावी अशी कोणास इच्छा नव्हती, आणि आपल्यामागून येणाऱ्यासाठी मोटार नीट ठेवण्याचे काम कंपनीने दंडाचा धाक घालून करवून घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांस हवी होती ती सोय, माफक दरात व बिनबोभाट. त्याच सुमारास टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील रसेल बेल्क यांनी खरे वाटून घेणे आणि त्याचे सोंग यांतील भेद मांडला. खऱ्या वाटून घेण्याचे मूळ नमुने म्हणून त्यांनी दोनच सांगितले होते : एक, आईने मुलासाठी करणे, दुसरा, कुटुंबाने सर्वांचे एकत्र ठेवून ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वापरणे. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी अद्याप एक चूल आहे, त्यांस हा दुसरा नमुना पुस्तकातून वाचण्याचे कारण नाही.

पुणेकरांनी तर हा प्रयोग आपल्या रस्त्यांवर पाहिला आहे. २०१७ च्या डिसेंबरात पुणे विद्यापीठाच्या आवारात व औंधात भाड्याच्या सायकली आल्या, पाठोपाठ आणखी कंपन्या आल्या. मोबाइलवरून कुलूप उघडावे, हवे तेथवर जावे, सायकल ठेवून द्यावी. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविलेल्या गावी ही योजना रुजावी, अशी कोणाचीही अपेक्षा असती. पण कित्येक सायकलींची कुलुपे तुटली, कित्येक मोडून पडल्या, आणि कंपन्यांनी एकामागून एक गाशा गुंडाळला. त्यांतील 'ओफो' तर २०१८ सालीच देश सोडून गेली. पुणेकरास सायकलीची माया नाही असे मुळीच नव्हे. वडिलांची जुनी सायकल जिन्याखाली झाकून ठेवणारी घरे आम्हांस ठाऊक आहेत. पण जी वस्तू ना आपली ना ओळखीच्या कोणाची, तिची आबाळ होऊ नये असे वाटावयास निराळी सवय लागते, आणि ती सवय मोबाइल लावू शकत नाही.

आता मोटारीचे पाहू. २०१९ साली देशात मोटारींची विक्री घसरली, तेव्हा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलेल्या कारणांत, तरुण मंडळी हप्ते भरण्यापेक्षा ओला-ऊबर पसंत करतात, हेही एक होते. त्यावर बरीच थट्टा झाली. थट्टेचा भाग सोडला तरी पुढील आकडे बोलके आहेत. २०१८-१९ साली देशात सुमारे ३४ लाख प्रवासी मोटारी विकल्या गेल्या होत्या. २०२३-२४ साली ४२ लाखांवर गेल्या. म्हणजे भाड्याची मोटार आली म्हणून घरची मोटार कोणी सोडली, असे दिसत नाही. जे पूर्वी बसने वा लोकलने जात त्यांतील काहींनी भाड्याची धरली, आणि ज्यांस परवडू लागले त्यांनी शिवाय स्वतःची घेतली. खुद्द सॅन फ्रान्सिस्कोत २०१० व २०१६ या वर्षांची तुलना करणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामाच्या दिवशी वाहनांचा खोळंब्यात जाणारा वेळ ६२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. या कंपन्यांची वाहने नसती तर ती वाढ २२ टक्के झाली असती, असा त्या अभ्यासकांचा हिशेब आहे. वस्तू कमी लागतील हे भाकीत निदान रस्त्यावर तरी खरे ठरलेले नाही.

आणि जेथे खरोखर वाटून घेणे होते, तीच शाखा प्रथम वाळली. एकाच दिशेस जाणाऱ्या अनोळखी उतारूंनी एका मोटारीतून जावयाचे, अशी सवलतीची सोय ऊबर व ओला या दोघांनीही काढली होती. २०२० च्या साथीत ती बंद झाली, आणि ग्राहकांनी त्यासाठी हळहळ केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. उलट मुंबईच्या स्टेशनांबाहेर चौघांनी भाडे विभागून घेण्याची टॅक्सी त्यापूर्वीही होती आणि अद्यापि आहे. तिच्यात कोणी कोणास वाटून घेण्याचा उपदेश करीत नाही. मांडी आखडून बसावे लागते एवढेच. अपवाद म्हणून फ्रान्समधील 'ब्लाब्लाकार'चे नाव घेतले पाहिजे. आपल्याच मोटारीने परगावी निघालेल्याने वाटेत सोबती घ्यावेत आणि इंधनाचा खर्च विभागावा, अशी तिची पद्धत. २०१५ सालापासून ती आपल्याकडेही आहे आणि मुंबई-पुण्याच्या मार्गावर पुष्कळांच्या उपयोगी पडते. उतारू किती बोलका आहे हे त्याने आधी कळवावयाचे, त्यासाठी 'ब्ला', 'ब्लाब्ला' व 'ब्लाब्लाब्ला' असे तीन वर्ग कंपनीने पाडले होते. आपल्या मंडळींस तिसऱ्याखेरीज वर्ग लागत नसावा.

येथवर वाचून आम्ही या नव्या व्यवहारावर रागावलो आहो, असे कोणी समजू नये. भीड नाहीशी होणे ही लहान गोष्ट नव्हे. एकत्र कुटुंबात मोटार सामायिक असे खरी, पण किल्ली कोणाच्या खुंटीस असे, हे घरातील सुनांस विचारावे. माहेरी जावयाचे तर आधी भावोजींची सवड, मग सासूबाईंची मर्जी, मग मुलांची शाळा, असा सोपस्कार असे. आज ती मोबाइलवरून मोटार बोलावते आणि निघते. पासष्टीच्या आत्याबाई डोळे तपासावयास एकट्या जातात, पुतण्याची वाट पाहत बसत नाहीत. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलीच्या मोटारीचा मार्ग आईस घरी बसून दिसतो. सामायिकतेचा जो गोडवा आपण गातो, त्यात मागणाऱ्याने किती वेळा तोंड वेंगाडले, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. पैसे देऊन घेतले म्हणजे तोंड वेंगाडावे लागत नाही, हा लाभ बायकांच्या पदरात विशेष पडला आहे, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो.

परंतु भीड गेली तिच्या जागी काय आले, हेही पाहावे. तिच्या जागी तारे आले. प्रवास संपला की चालकास पाचांपैकी तारे द्यावयाचे, घर सोडले की घरमालकास द्यावयाचे. आणि तेही आपणांस देतात. पूर्वी विश्वास ओळखीतून येत असे, आता तो गुणांतून येतो. हे गुण कितपत खरे? बॉस्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एअरबीएनबीवरील लक्षावधी घरांचे गुण तपासले, तेव्हा सुमारे ९५ टक्के घरांस साडेचार किंवा पाच तारे असल्याचे दिसले. ज्या शाळेत सर्वच मुले पहिल्या वर्गात येतात, तेथील प्रगतिपुस्तकाचा उपयोग एकच उरतो : एखाद्यास मागे टाकणे. ताऱ्यांचे तेच झाले आहे. चार तारे म्हणजे आपल्या लेखी 'बरे' आणि चालकाच्या लेखी धोक्याची सूचना, कारण सरासरी घसरली तर कंपनी त्याचे काम बंद करू शकते. गल्ली अरुंद म्हणून मोटार दोन मिनिटे उशिरा आली, तेवढ्यावरून घरातील दहा वर्षांचा मुलगा वडिलांच्या मोबाइलवर एक तारा दाबून मोकळा होतो आणि त्याचे कौतुकही होते. चालकाचे नाव त्यास ठाऊक नसते. वाड्यात येणाऱ्या टांगेवाल्याशी आजोबा भाड्यासाठी हुज्जत घालीत, पण त्याच्या मुलीचे लग्न कोठे ठरले हे त्यांस ठाऊक असे. त्यामुळे रागासही मर्यादा पडत असे.

या चालकांची व सामान पोचविणाऱ्यांची संख्या लहान नाही. नीती आयोगाने २०२२ साली २०२०-२१ या वर्षासाठी ती ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल असा अंदाज केला होता. कंपन्या त्यांस नोकर म्हणत नाहीत, 'भागीदार' म्हणतात. ज्या भागीदारास भागही ठरविता येत नाही आणि दरही ठरविता येत नाही, असा भागीदार आमच्या पाहण्यात दुसरा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या वर्गाची प्रथमच दखल घेतली आणि कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत भरावी, असे ठरविले. मात्र ही संहिता अमलात येण्यास २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. आपण ग्राहक म्हणून स्वस्त भाड्याचा जो आनंद मानतो, त्यातील किती भाग कंपनीच्या कौशल्याचा आणि किती भाग या मंडळींच्या न मिळालेल्या रजेचा, आजारपणाचा व म्हातारपणाचा, हा हिशेब घरातील मुलांपुढे एकदा मांडून दाखवावा.

ताऱ्यांपूर्वीही एक परीक्षा होते आणि ती नावाची होय. हार्वर्डमधील तिघा संशोधकांनी अमेरिकेतील पाच शहरांत एअरबीएनबीवरील सुमारे ६४०० घरमालकांकडे खोलीसाठी विनंत्या पाठविल्या. विनंत्या सारख्याच होत्या, नावे तेवढी काही गोऱ्यांत आढळणारी व काही कृष्णवर्णीयांत आढळणारी घातली होती. दुसऱ्या प्रकारच्या नावांस होकार सुमारे १६ टक्क्यांनी कमी आले. २०१७ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. आमच्या वाचकांनी यावर अमेरिकेस नावे ठेवण्यापूर्वी आपल्या शहरांतून भाडेकरूस विचारला जाणारा पहिला प्रश्न आठवून पाहावा. 'आडनाव काय?' हा प्रश्न घर दाखविण्यापूर्वी येतो, आणि तो विचारणारांत आपली घरे मागे नाहीत. मोटारीत बसताना आपण आडनाव विचारीत नाही, घरात घेताना विचारतो. वाटून घेण्याची हौस कोठवर पोचते, याचे माप यावरून काढता येईल.

घरांचा विषय निघालाच आहे, तर थोडे अधिक लिहितो, कारण तो पुष्कळांच्या दाराशी आलेला आहे. युरोपात प्रवाशांस घरे देण्याचा धंदा एवढा फोफावला की रहिवाशांस जागा मिळेनाशा झाल्या. बार्सिलोनाच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केले की, शहरातील प्रवाशांसाठी असलेल्या १०,१०१ जागांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपुष्टात आणावयाचे. न्यूयॉर्कने २०२३ च्या सप्टेंबरपासून कडक नोंदणी सुरू केली. कोकणात प्रश्न याच्या उलट आहे. तेथे घरे आहेत, माणसे नाहीत. आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे घर, पुढे अंगण, मागे आगर. उताऱ्यावर सात-आठ नावे, त्यांतील दोन मुंबईस, दोन पुण्यास, एक अमेरिकेत. घर सांभाळावयास एक भाऊ व त्याची पत्नी. अशा घराच्या दोन खोल्या रंगवून, न्हाणीघर सुधारून, प्रवाशांस देण्याचा विचार आता घरोघर चालू आहे. महाराष्ट्र पर्यटनाची 'निवास व न्याहारी' योजना त्यासाठीच आहे, आणि मोबाइलवर घराचे चित्र टाकणे तर कोणासही जमते.

आम्ही या विचाराच्या विरुद्ध नाही. बंद घरापेक्षा नांदते घर बरे, आणि कौले परतावयास पैसा लागतोच. पण पाहुणा आणि ग्राहक एकाच उंबऱ्यातून आत येऊ लागले म्हणजे काय होते, ते आधी ध्यानात घ्यावे. शहरातून येणाऱ्यास 'घरगुती' हवे असते; तेच तर विकले जाते. पहाटेचा चहा घरगुती, घावने घरगुती, सोलकढी घरगुती. परंतु गार पाणी, जलद मोबाइल, शुभ्र चादर ही हॉटेलातील हवीत. आजींनी हसून बोलले तर पाच तारे, आणि आजी पडवीत खोकत बसल्या तर 'शांतता नव्हती' असा शेरा. घरगुतीपणा जिच्या हातचा, त्या वहिनीच्या पहाटेपासूनच्या कामाचा दाम मात्र हिशेबात कोठेच धरलेला नसतो. येणारे भाडे सात-आठ नावांत वाटले जाते. स्वयंपाक वाटला जात नाही. पूर्वी ती करी ते घरासाठी होते, आणि त्याची थोरवी आपण गात होतो. आता तेच काम विकले जाते, आणि विकणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव नाही.

म्हणून ज्या कुटुंबांत असा बेत चालला असेल, त्यांनी घराची चित्रे काढण्यापूर्वी एक कागद करावा, असे आम्ही सुचवितो. स्वयंपाक व झाडलोट यांची मजुरी भाड्यातून प्रथम वेगळी काढावी आणि ती करणाराच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. उरेल ते हिश्शांत. वडीलधाऱ्यांची खोली कोणत्याही दराने द्यावयाची नाही, हे लिहून ठेवावे. घरातील देव, विहीर व माजघर येथवर ग्राहकाने यावे की नाही, याचा निर्णय तेथे राहणाऱ्यांनी करावा, मुंबईहून फोनवर होऊ नये. आणि मे महिन्याचे आधी ठरवावे. आंबे उतरतात, शाळांस सुट्टी असते, आणि सर्व भावंडांची मुले एका ओळीत गाद्या टाकून माडीवर निजतात, तो हाच महिना. भाडेही सर्वांत चढे याच महिन्यात असते.